ताज्या दुधाचं माप

त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली आणि थंडी सुरू व्हायच्या आधीच हिरवा चारा संपला. वाळका कडबा चघळून म्हशी दूध ते कितीसं देणार? गावातल्या सगळ्याच घरांचं दूध आटलं. निदान आटायला हवं होतं. पण डेअरीवर काही घरांचे कॅन आधीसारखेच भरून येत होते, आणि रांगेत उभं राहून दुसऱ्याच्या कॅनात डोकावायचा गावाला नवा छंद लागला होता. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण त्या दिवसांत न खाणाऱ्यांचेही घसे खवखवत होते.

या घरात दोन म्हशी. एक गाभण, आटलेली. दुसरी दुभती, पण लाथाळ. मागचे पाय बांधल्याशिवाय कुणाला जवळ येऊ द्यायची नाही. दूध सासू काढायची. नवऱ्याच्या माघारी तिनं म्हशींच्या जिवावरच घर ओढलं होतं आणि मुलगा मोठा केला होता. मुलगा गावोगाव पंप दुरुस्त करायचा. यंदा विहिरीतच पाणी नाही तर पंप कोण दुरुस्त करून घेणार, म्हणून तो बराचसा घरीच असायचा आणि घरातल्या चांगल्या चालणाऱ्या वस्तू उघडून बसायचा. सून गावच्या सरकारी शाळेत विज्ञान शिकवायची. तिचा पगार येईल तेव्हा येई. दूध मात्र रोज जायचं.

शाळा पहिली ते दहावी आणि विज्ञानाची बाई एकच. दुसरीत हरभरे भिजवायचे, सहावीत लोहचुंबक फिरवायचं, आठवीत उष्णता, नववीत घनता. गाव तिला बाई म्हणायचं. सांगायला तेच सोपं, म्हणून इथंही ती बाईच.

"आई, आज जरा जास्त लागेल," बाई गोठ्याच्या दारात येऊन म्हणाली. हातात चहाचा थर्मास होता. "नववीला दूध दाखवायचंय."

"दूध काय दाखवायचं? जन्मात बघितलं नाही त्यांनी?" सासूचं कपाळ म्हशीच्या कुशीला टेकलेलं. चरवीत धारा वाजत होत्या.

"शुद्ध आहे की पाणी घातलंय, ते कांडीवर कसं ओळखायचं ते. मुलं पण आपापल्या घरून आणणार आहेत. पण पहिलं आपलं. आपलं खात्रीचं."

सासूला ते आवडलं. धारा संपल्यावर तिनं थर्मास स्वतः घेतला, वास घेतला, "चहाचा वास येतोय" म्हणून चुलीवरच्या गरम पाण्यानं विसळला, उपडा करून चांगला निथळू दिला आणि फेसासकट दूध भरून दिलं. "चांगलं ताजं आहे. तसंच दाखव," ती म्हणाली.

बाईची मुलगी भुंगी दप्तर घेऊन दारात उभीच होती. सारखी गुणगुणायची म्हणून भुंगी. दुसरीत होती. "आई, अंदाज सांग," ती म्हणाली.

अंदाजाची ही खोड बाईनंच लावली होती. शाळेत पहिलीपासून दहावीपर्यंत प्रत्येक वर्गाच्या फळ्याच्या कोपऱ्यात बाईच्या हातचं एक वाक्य असायचं: आधी अंदाज, मग माप. त्याच्या खाली दुसरं: एकदा मोजलं ते मोजलंच नाही. फळा पुसणाऱ्या मुलांना तेवढा कोपरा सोडायची सक्त ताकीद होती.

"कांडी ताठ उभी राहील," बाई म्हणाली. "आजीचं दूध आहे."

*

प्रयोगशाळा म्हणजे हेडसरांच्या खोलीतलं एक कपाट. त्याची किल्ली हेडसरांच्या खिशात असायची आणि वस्तू फुटेल या धाकानं ती सहसा खिशाबाहेर यायची नाही. लॅक्टोमीटर मागायला बाईनं आठवडाभर खेटे घातले होते. काचेची बारीक दांडी, खाली शिशाचा जड गोळा, वर हिरवा पट्टा आणि तांबडा पट्टा. दूध दाट असेल तर दांडी वर तरंगते, हिरवा पट्टा दुधाच्या काठाशी येतो. पाणी घातलेलं असेल तर दांडी खाली बसते, तांबडा पट्टा काठाशी येतो. डेअरीवरही अशीच एक होती, आणि गाव तिला कांडीच म्हणायचं.

बाईनं उंच काचेच्या भांड्यात थर्मासमधलं दूध ओतलं. भांड्याची काच धुरकट झाली. मागच्या बाकांना दिसावं म्हणून तिनं ती पदरानं पुसली.

"अंदाज?"

"हिरवं," सगळा वर्ग म्हणाला. बाईच्या घरचं दूध. अंदाज करायचा प्रश्नच नव्हता.

बाईनं कांडी अलगद सोडली. कांडी खाली गेली, डुगडुगली, आणि तांबड्यात थांबली.

वर्गात कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. पहिल्या बाकावरच्या वकीलबाईनं मान वाकडी करून नीट पाहिलं. ही नववीतली पोर कुठलीही गोष्ट पुराव्याशिवाय मान्य करायची नाही, म्हणून तिचं हे नाव. मळ्यातल्या वस्तीवरून ती रोज चालत यायची.

"बाई, तांबडं," वकीलबाई म्हणाली. सरळ सांगितलं, त्यात खोच नव्हती.

"थर्मास विसळला होता," बाई म्हणाली. "त्यात पाणी राहिलं असेल." पण थर्मासात राहून राहून किती पाणी राहणार, हे तिलाही कळत होतं आणि वर्गालाही.

मग वकीलबाईच्या बाटलीतलं दूध ओतलं. ती बाटली पहाटेच्या गारठ्यात मळ्यापासून शाळेपर्यंत आली होती. कांडी ताठ हिरव्यात. आणखी एकाची बाटली, ज्याच्या घरच्या कॅनकडे सगळं गाव बोट दाखवायचं. तीही हिरव्यात. तो मुलगा इतका खूष झाला की त्यानं बाटलीचं झाकण खिशात घातलं आणि बाटली तिथंच विसरला.

पुन्हा मोजायला हवं होतं. तिचंच वाक्य फळ्याच्या कोपऱ्यात होतं. पण तास संपला, हेडसर कांडी परत मागायला दारात आले, आणि खरं सांगायचं तर पुन्हा मोजायची बाईची छातीच झाली नाही. पुन्हा तांबडं आलं तर काय, या भीतीनं तिनं भांडं मोरीत रिकामं केलं.

*

बातमी बाईच्या आधी घरी पोहोचली. मधल्या सुट्टीत दुसरीच्या पोरांनी भुंगीला "पाणीदूध, पाणीदूध" म्हणून पळवलं होतं आणि ती रडत घरी येऊन आजीच्या मांडीवर झोपली होती.

बाई आली तेव्हा सासू अंगणात कडबा तोडत होती. विळ्याचा आवाज थांबला नाही. बाईनं चप्पल काढली, पाय धुतले, आणि सरळ आत गेली. नवरा मिक्सर उघडून बसला होता.

"अहो," तिनं हळू आवाजात विचारलं, "आई कधी पाणी घालतात का?"

नवऱ्यानं वर पाहिलं. "काय बोलतेस?"

"रागावू नका. दूध कमी झालंय. सगळेच घालतात. एखाद्या वेळेस, कॅन भरत नाही म्हणून..."

"आपलेच दात आपलेच ओठ," तो म्हणाला आणि स्क्रू शोधू लागला. "तू काचेच्या नळीवर विश्वास ठेव, मी माझ्या आईवर ठेवतो. मला दोघींच्या मधे घालू नकोस."

बाहेर विळ्याचा आवाज कधीच थांबला होता. सासू दारात उभी होती, हातात कडब्याची पेंढी. तिनं ती खाली ठेवली.

"मला नाही विचारलंस," ती म्हणाली.

एवढंच. रात्रीचं जेवण झालं, भांडी घासून झाली, भुंगीची वेणी सोडून झाली, तरी सासू आणखी काही बोलली नाही. भांडली असती तर बाईला सोपं गेलं असतं. ती भांडायला तयार होऊन बसली होती.

*

दुसऱ्या दिवशी डेअरीवर नवरा कॅन घेऊन गेला आणि भरलेला कॅन घेऊन परत आला.

"डेअरीवाल्यानं कांडी घातली," तो सांगू लागला. "हिरवं आलं. त्यानं सगळ्यांना दाखवलं. पण रांगेतले म्हणतात, आज हिरवं, कारण आज घातलं नाही. काल घरच्याच बाईनं भर वर्गात दाखवलं, ते काय खोटं? तुमचं आमच्यात मिसळू नका म्हणतात. डेअरीवाला म्हणाला, माझा नाइलाज आहे, चार दिवस घरीच ठेवा."

सासूनं कॅन उतरवून घेतला. दुधाचं दही लावलं, दुसऱ्या दिवशी ताक घुसळलं, लोणी काढलं. ताकाची बादली शेजारी पाठवली तर शेजारीण म्हणाली, "आमच्याकडे आहे." वर्षानुवर्षं त्या घरी ताक इथूनच जायचं. सासूनं ती बादली म्हशीच्या आंबोणात ओतली आणि गोठ्यात बराच वेळ काहीतरी झाडत राहिली. झाडण्यासारखं तिथं काही उरलं नव्हतं.

त्या दिवसापासून सासूनं एक नवी पद्धत सुरू केली. पहाटे दूध काढायला बसायच्या आधी ती बाईच्या खोलीच्या दाराशी येऊन म्हणायची, "चल."

गोठ्यात तिनं एक लाकडी खोका उपडा घातला होता. "बस. बघ." चरवी उलटी करून आपटून दाखवायची. आत काही नाही, बघ. हात पुसून दाखवायची. मग म्हशीचे पाय बांधायची आणि कपाळ तिच्या कुशीला टेकवून धारा काढायची. बाई खोक्यावर बसून राहायची, पोलीस चौकीतल्या हवालदारासारखी, आणि तिला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. म्हैस मान वळवून तिच्याकडे बघायची. थंडीनं बोटं बधिर व्हायची. दूध तेवढं वाफाळायचं.

"आई, नका ना असं करू," एका पहाटे ती म्हणाली.

"का? तुझ्या शाळेत बघितल्याशिवाय मानत नाहीत ना? बघ मग."

दूध निघाल्यावर सासू चरवी तिच्यासमोर धरायची. "किती पाणी घातलं?"

"नाही घातलं, आई."

"लक्षात ठेव."

*

एका प्रश्नानं मात्र बाईला सोडलं नाही. डेअरीची कांडी हिरवं दाखवते, शाळेची तांबडं. एकच म्हैस, एकच हात. म्हणजे दोनांपैकी एक कांडी खोटी.

हेडसरांना हे पटलं, कारण त्यात शाळेची कांडी खरी ठरत होती. "डेअरीवाल्याची वाकडी असणार. ती रोज आपटत असते. आपली कपाटात असते." तेवढ्यासाठी त्यांनी किल्ली काढली. बाईनं शाळेची कांडी रुमालात गुंडाळली आणि शाळा भरायच्या आधी डेअरीवर गेली.

"चला, लावा निकाल," डेअरीवाला म्हणाला. तो चांगला माणूस होता, फक्त रांगेला घाबरायचा. एकाच कॅनातून दोन मापं काढली, एकात त्याची कांडी, दुसऱ्यात शाळेची. दोन्ही एकाच रेषेवर उभ्या राहिल्या. दुसरा कॅन, तिसरा कॅन. दोन्ही कांड्या जुळ्या बहिणींसारख्या.

"म्हणजे दोन्ही खऱ्या," डेअरीवाला म्हणाला. "मग काकूंचं काय, बाई?"

बाईनं शाळेची कांडी पुसून रुमालात गुंडाळली. निघताना तोल जाऊन तिनं कॅनला हात टेकला आणि झटकन काढून घेतला. कॅन गारठून गेला होता. तळहाताला थंडीचा चटका बसला.

रस्त्यानं चालताना तो हात ती दुसऱ्या हातानं चोळत राहिली आणि शाळेच्या फाटकाजवळ थांबली. धुरकट झालेली काच तिला आठवली. पदरानं पुसली होती ती. भर वर्गासमोर, सगळ्यांना नीट दिसावं म्हणून, तिनं स्वतःच्या हातानं पुसून टाकली होती.

आठवीच्या वर्गात ती दर वर्षी पितळेचा गोळा तापवून दाखवायची. गार असताना कडीतून पडतो, तापवला की अडकतो. तापलं की फुगतं, हे गावातल्या निम्म्या पोरांना तिनं शिकवलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. फुगलेलं दूध पातळ पडणार आणि पातळ दुधात कांडी बुडणार. थर्मासमधलं दूध तर म्हशीच्या अंगाइतकं गरम होतं, वर फेसानं भरलेलं. बाई फाटकाशी उभी राहून स्वतःवरच चिडली, इतकी की आत शिरणाऱ्या पोरांनी तिला नमस्कार न करताच वाट बदलली.

पण तिला आता स्वतःच्या डोक्यावरही सहज विश्वास ठेवायचा नव्हता. एकदा ठेवून झाला होता.

*

पहाटे सासूच्या हाकेआधीच ती गोठ्यात जाऊन बसली. पदराखाली डेअरीवाल्याकडून एका पहाटेपुरती मागून आणलेली कांडी होती. चरवी उलटी झाली, हात पुसले गेले, धारा संपल्या. बाईनं वाफाळत्या दुधाचं उंच भांडं भरलं आणि त्यात कांडी सोडली.

कांडी तांबड्यात.

सासूनं कंदील जवळ आणला. तिनं बराच वेळ पाहिलं. तिचा चेहरा उतरला, आणि बाईला भडभडून आलं. इतके दिवस रागात असलेली सासू पहिल्यांदाच घाबरलेली दिसत होती.

"आता गं?" सासू म्हणाली. "आता तर तू समोर बसली होतीस."

"तेच तर, आई."

"तेच काय?"

"मी समोर बसले होते. एक थेंब घातला नाहीत तुम्ही. तरी ती बुडाली. म्हणजे दूध खोटं नाही. माझं मोजणं खोटं आहे." तिनं काल सुचलेलं सगळं सांगितलं. सासूनं ऐकून घेतलं, पण मान हलवली नाही.

"हे तू म्हणतेस. रांगेनं ऐकायला हवं ना."

"म्हणून तुम्ही आज शाळेत चला. हेच दूध घेऊन. अर्धं थर्मासात, अर्धं उघड्या पातेल्यात."

"कशाला? पुन्हा बुडवायला?"

बाई थर्मास आणायला वळली. सासूनं म्हशीचे पाय सोडले, दोरी गुंडाळून खुंटीला लावली, आणि म्हणाली, "लुगडं बदलून येते."

*

हेडसरांनी फाटकातच गाठलं. डेअरीवालाही बोलावलेला पाहून त्यांचा रंग बदलला.

"बाई, हे कशाला? चार दिवसांत लोक विसरतील. झाकली मूठ सव्वा लाखाची. बाईच चुकल्या असं पोरांसमोर झालं, तर उद्या घरोघर विचारतील, आणखी काय काय चुकीचं शिकवता म्हणून."

"विचारू देत, सर. शिकवलं असेल तर तेही दुरुस्त करू."

"तुमचं ठीक आहे. ऐकावं मला लागतं."

"ते खरं आहे," बाई म्हणाली. "पण माझ्या मुलीला पाणीदूध म्हणतात, आणि ती मोठी होईपर्यंत म्हणतील. किल्ली द्या."

त्यांनी किल्ली दिली. कांडी फुटली तर जबाबदारी कुणाची, हे तेवढं दोनदा विचारून घेतलं.

सासू पहिल्या बाकावर वकीलबाईच्या शेजारी बसली, बाकाच्या अगदी कडेवर, उठून जायच्या तयारीत. डेअरीवाला खिडकीशी उभा. उघडं पातेलं खिडकीत गार वाऱ्याला ठेवलेलं. भुंगीचा दुसरीचा वर्ग दाराशी गर्दी करून होता. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी हाकललंही नाही.

बाईनं थर्मासमधलं दूध ओतलं. काच धुरकट झाली. या वेळी तिनं ती पुसली नाही, मुलांना बोटानं त्यावर रेघ ओढायला लावली. कांडी सोडली. तांबडं.

"आता पातेल्यातलं. म्हैस तीच, चरवी तीच, वेळ तीच. फक्त गार. अंदाज?"

मागच्या वेळी अंदाज देऊन तोंड पोळलं होतं, आता सगळे ताकही फुंकून पीत होते. शेवटी दारातून भुंगी म्हणाली, "हिरवं."

कांडी खाली गेली, वर आली, डुगडुगली आणि हिरव्यात थांबली. डेअरीवाल्यानं पुढं येऊन डोळे बारीक करून पाहिलं. "हिरवं," तो म्हणाला. "रांगेला मी सांगतो."

बाईनं पुन्हा मोजलं. मग वकीलबाईला मोजायला लावलं. मग थर्मासमधल्या दुधाचं भांडं खिडकीत ठेवलं आणि दर तासाच्या घंटेला एकेका मुलानं येऊन कांडी घालायची ठरवली. तेच तांबडं दूध घंटेघंटेला वर चढत गेलं आणि शाळा सुटायच्या आत हिरव्यात आलं. सासू तोवर हलली नाही. मधल्या सुट्टीत डबासुद्धा तिनं बाकावरच उघडला.

शेवटच्या तासाला डेअरीवालाही परत आला, आणि बाई फळ्यासमोर उभी राहिली. "दूध चुकलं नव्हतं," ती म्हणाली. "मी चुकले होते. गरम दूध मोजलं. आणि त्याहून मोठी चूक, एकदाच मोजून सोडून दिलं. माझं वाक्य मीच पाळलं नाही."

मग वकीलबाईनं हात वर केला.

"बाई, गार केल्यावर सगळंच हिरवं होतं का?"

"म्हणजे?"

"म्हणजे पाणी घातलेलं पण गार करून आणलं, तर तेही हिरवंच होईल? मग ही कांडी पकडते तरी काय? आपण पाणी घातलेलं मोजलंच नाही अजून."

डेअरीवाला हसला. बाईला हसू आलं नाही. पोर बरोबर बोलत होती.

"उद्या मोजू," ती म्हणाली.

तेव्हा सासू पहिल्यांदा बोलली. बाकावरून उठून, सुनेकडे बघत. "आणि गार करूनही ती आज तांबड्यात राहिली असती तर?"

बाईला खोटं बोलता आलं असतं. सगळ्यांना तेच हवं होतं, दारातल्या भुंगीलासुद्धा.

"तर मी कांडीवर विश्वास ठेवला असता," ती म्हणाली.

"माझ्यावर नाही."

"नाही, आई. पण या वेळी आधी तुम्हाला विचारलं असतं."

सासूनं तिच्याकडे पाहिलं. मग रिकामं पातेलं उचललं, पदरानं पुसलं आणि म्हणाली, "लवकर ये घरी. म्हशीचे पाय बांधायला कुणीतरी लागतं."

*

दुसऱ्या पहाटे गोठ्यातला खोका भिंतीशी सरकवलेला होता. त्यावर कडबा रचलेला होता. बाईनं खुंटीवरची दोरी घेतली आणि म्हशीचे पाय बांधले, पहिल्या खेपेला गाठ सुटली, लाथ बसता बसता वाचली, आणि सासू म्हणाली, "बीएस्सी, बीएड." दुसऱ्या खेपेला गाठ बसली.

धारा काढून झाल्या. डेअरीचा कॅन भरून नवरा निघाला. डेअरीवाल्यानं कालच निरोप धाडला होता, आणा म्हणून. चरवीत शाळेपुरतं दूध उरलं. बाईनं ते दोन पातेल्यांत ओतलं आणि थांबली. शेजारी पाण्याचा तांब्या होता. तिनं तो उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. या गोठ्यात, सासूसमोर, दुधात पाणी ओतायला तिचा हात उठेना.

"आण इकडे," सासू म्हणाली.

"आई, मी शाळेत घालते. इथं नको."

"शाळेत कोण घालणार? नळावरचं पाणी घालशील आणि मग ती मळ्यातली पोर विचारेल, किती घातलं, कुणी बघितलं. आण."

तिनं तांब्या घेतला. या घरात आल्यापासून तिनं चांगल्या वर्षी, वाईट वर्षी, माणूस आजारी असताना, माणूस गेल्यावरसुद्धा, दुधात पाणी घातलं नव्हतं. तांब्या पातेल्यावर धरून ती जरा वेळ तशीच उभी राहिली. मग ओतला. पाणी दुधात पडल्याचा आवाज झाला आणि म्हशीनं मान वळवून पाहिलं.

"यात आहे. त्यात नाही," सासू म्हणाली. पाण्याच्या पातेल्याला तिनं ओळखीसाठी काळा दोरा बांधला. "दोन्ही गार कर. सगळ्यांना सांग, म्हातारीनं स्वतःच्या हातानं घातलंय."

भुंगी दप्तर घेऊन दारात उभी होती. तिनं गुणगुणणं थांबवलं.

"आजी, अंदाज सांग."

सासूनं ओले हात पदराला पुसले.

"बुडेल," ती म्हणाली. "बुडायलाच हवी."